दप्तराला मासळीचा वास

माझा पुतण्या पाचवीत असताना एका मंगळवारी शाळा बुडवून नदीवर गेला. संध्याकाळी दप्तराला मासळीचा वास! मी रागाच्या भरात एक मुस्काटात ठेवून दिली. रात्री जेवताना तो वहिनींना सांगत होता, "आई, ऊन चढलं की मासा खोल जातोय. मग तंगुसावरचं मोरपिसाचं देठ वीतभर वर सरकवायचं." गणितात कच्चा असा शेरा मिळालेलं हे पोर! माझा घास तोंडातच फिरला.

पुढच्या रविवारी घरातली चारही पोरं घेऊन मीच पंचगंगेवर गेलो. (पाणी चढलेलं असताना जायचं नाही आणि मोठं माणूस बरोबर असल्याशिवाय तर नाहीच, हे आधी ठरवून.) दोरीला दगड बांधून खोली मोजली. सापडलेले मासे तोलून चौघांत वाटले. तिथं अपूर्णांक आले आणि भांडणंही आली. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती यांचं पाणी प्रयाग चिखलीला एक होतं, पुढं नरसोबाच्या वाडीला कृष्णेत मिळतं. "मग कोकण एवढं जवळ असून हे पाणी बंगालच्या उपसागराला कशाला जातं?" धाकटीनं विचारलं. काठावरच्या चिखलात सह्याद्री करून पाणी ओतून दाखवलं. आषाढात एका माशाच्या पोटात गाभोळी निघाली, तेव्हापासून पावसाळ्यात गळ आढ्याला टांगलेला असतो. तो नियम पोरांचा, माझा नव्हे.

एका उन्हाळ्यात पहाटे मासे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत होते. मी सांगितलं, "केंदाळ कुजतं, त्यात पाण्यातला प्राणवायू जातो. रात्री पाणवनस्पतीही तो घेतात, म्हणून पहाटे सगळ्यात कमी उरतो."

"पण काका, केंदाळ एवढं वाढतं कशानं?"

"गावचं सांडपाणी, शेतातून वाहून आलेलं खत..."

"आपल्या उसाचंही?"

तीस वर्षं मी गावोगाव खताच्या मात्रा सांगत आलो. आमच्या घरच्या उसाला मात्र भाऊ शेजाऱ्याचं बघून युरिया टाकायचा, आणि मी घरात वाद नको म्हणून गप्प बसायचो. पोराला "होय" म्हणालो. त्याच आठवड्यात आम्ही दोघांनी शेतात फिरून माती परीक्षणासाठी नमुने काढले. पिशवीवरची चिठ्ठी त्यानं लिहिली. गट नंबर बरोबर होता, "परीक्षण" चुकलं होतं.