गाडी मालकाची, भाग कंपनीचे

महागड्या गाडीचे भाग महागच असणार, हे आपण फार लवकर मान्य करतो. मला ते मान्य नाही. त्यांच्या किमतीत दर्जाचा वाटा असतोच, पण त्याहून मोठा वाटा बंदिस्त बाजाराचा असतो. हेडलाइटचंच पाहा. पूर्वी बल्ब गेला की बल्ब बदलायचा. आता एलईडी, कंट्रोल युनिट आणि काच एकाच सीलबंद संचात येतात. त्यातलं एक बिघडलं तरी बहुधा पूर्ण संच घ्यावा लागतो. तो बसवल्यावर कंपनीच्या सॉफ्टवेअरवर कोडिंग करावं लागतं आणि ते सॉफ्टवेअर बाहेरच्या मेकॅनिकला सहज मिळत नाही. गाडी घेताना पाच कंपन्यांत निवड करता येते. घेतल्यावर दुकान एकच उरतं. नेमका हाच निष्कर्ष भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी काढला आणि १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्यांत मर्सिडीज-बेंझ आणि बीएमडब्ल्यूही होत्या. दंडाविरुद्ध पुढे अपिलं झाली, पण आयोगाने दाखवलेली कोंडी आजही ओळखीची वाटते.

आयात शुल्क, कमी खप, वर्षानुवर्षं साठा ठेवण्याचा खर्च, ही कारणं खरी आहेत. पण कितीतरी भाग बॉश, झेडएफ यांच्यासारखे पुरवठादार बनवतात. तोच भाग पुरवठादाराच्या खोक्यात स्वस्त आणि गाडीच्या बोधचिन्हासह महाग मिळतो, तेव्हा फरक लोखंडाचा नसतो. सुरक्षिततेचा आक्षेप अधिक गंभीर आहे. डुप्लिकेट ब्रेक पॅड जिवावर बेतू शकतात. त्यावर उपाय मात्र भागांच्या प्रमाणीकरणाचा आहे, मक्तेदारीचा नाही. खुद्द जर्मनीने डिसेंबर २०२०पासून नव्या नोंदणीच्या डिझाइनांसाठी कायदा बदलला आणि बंपर, दिवे यांसारखे दिसणारे भाग दुरुस्तीसाठी इतरांनाही बनवायची मुभा दिली.

‘श्रीमंतांचं दुखणं, आपल्याला काय?’ असं कुणी म्हणेल. पण आठ-दहा वर्षांनी हीच गाडी निम्म्याहून कमी किमतीत मध्यमवर्गीयाच्या दारात येते. गाडीची किंमत उतरते, भागांची नाही. दुरुस्तीचा खर्च विम्यातल्या घोषित मूल्याच्या ७५ टक्क्यांवर गेला की दुरुस्त होण्याजोगी गाडीही विम्याच्या लेखी पूर्ण नुकसानीत जमा होते. आणि रिक्षाचा धक्का अशा गाडीला लागला, तर समोरच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी विम्याची नेहमीची मर्यादा साडेसात लाखांची. त्यापुढचा बोजा रिक्षावाल्यावर येऊ शकतो.

केंद्र सरकारने २०२२मध्ये ‘दुरुस्तीचा अधिकार’ पोर्टल सुरू केलं. त्यात वाहनंही आहेत. माहिती देणं ही सुरुवात झाली. आता भागांच्या किमती जाहीर करणं, पुरवठादारांना थेट विक्रीची मोकळीक देणं आणि कोडिंगचं सॉफ्टवेअर रास्त शुल्कात स्वतंत्र गॅरेजना देणं कायद्याने बंधनकारक करायला हवं. पैसे मोजून घेतलेली वस्तू कुठे दुरुस्त करायची, हे ठरवण्याचा हक्क मालकाचाच आहे.