मोजदाद

पंचेचाळीस. पुन्हा मोजल्या. पंचेचाळीसच.

वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: पिंजऱ्यात सोडलेल्या माद्या पन्नास, मेलेल्या चार. म्हणजे बर्फावरच्या पांढऱ्या बशीत गारठून पडलेल्या शेहेचाळीस हव्या होत्या. क्युलेक्स डासाच्या त्या माद्यांच्या अंगात आम्ही दहा दिवसांपूर्वी जपानी मेंदूज्वराचा विषाणू घातला होता. घरात एक डास सुटला तर आपण पंखा वाढवतो आणि झोपतो. इथे हिशेब जुळेपर्यंत खोलीबाहेर पाऊल टाकायचं नाही.

आमच्या मुख्य तंत्रज्ञांना सगळे काका म्हणत. ते काचेपलीकडून म्हणाले, "घाई करू नकोस. आधी भिंती बघ." डासघराच्या भिंती पांढऱ्याफेक का ठेवतात, ते त्या संध्याकाळी अंगाला कळलं. बसलेला डास काळ्या ठिपक्यासारखा दिसावा म्हणून. भिंती कोऱ्या होत्या. मग छत, बाकाखालची जागा, हातमोज्यांच्या कडा. दीड तासानं ती सापडली. पिंजऱ्याला हात घालण्यासाठी जी कापडी बाही असते, तिच्या चुणीत चिरडलेली. शेहेचाळीस. मी सही केली, तेव्हा बोटं थरथरत होती.

घरी आल्यावर आईला सांगितलं. तिला नवल वाटलं नाही. लग्नकार्य उरकल्यावर भाड्यानं आणलेली भांडी मोजून परत करणारी बाई ती. म्हणाली, "एक वाटी कमी भरली तर आपणही सगळं घर पालथं घालतोच की." विषाणूंच्या प्रयोगशाळेत पुढे अनेक वर्षं काढली, पण कामाचं याहून नेमकं वर्णन मला कुणी ऐकवलं नाही.

या कामाचा पुण्याशी जुना संबंध. १९५२ साली इथे विषाणू संशोधन केंद्र सुरू झालं, तीच आजची राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था. १९६७ साली तिथल्या के. आर. पी. सिंग यांनी डासांच्या अळ्यांपासून काचेच्या भांड्यात वाढत राहणाऱ्या पेशी तयार केल्याचं प्रसिद्ध केलं. त्यातल्याच एका पेशीवंशापासून पुढे इगाराशी या जपानी संशोधकानं निवडलेल्या पेशी आज जगभर डासांमधले विषाणू वाढवायला वापरतात. म्हणजे विषाणू वाढवण्यासाठी दर वेळी जिवंत डास पाळायला नको. पेशी उडत नाहीत, हा त्यांचा मोठा गुण.

जिवंत डासच लागला, तर टॉक्सोऱ्हिंकायटिस नावाचा एक धिप्पाड डास आहे. त्याच्या अळ्या दुसऱ्या डासांच्या अळ्या खातात, आणि मोठेपणी मादीसुद्धा रक्त न पिता फुलांच्या रसावर जगते. त्याच्या छातीत बारीक सुईनं नमुना टोचला की विषाणू वाढतो. चुकून सुटलाच, तरी चावणार नाही. सुरक्षिततेचा हा मला सर्वांत आवडलेला उपाय: चावऱ्याला कोंडण्याआधी न चावणारा मिळतो का ते बघायचं.

एवढा आटापिटा कशासाठी? जपानी मेंदूज्वराचा विषाणू अंगात शिरलेल्या साधारण अडीचशे जणांपैकी एकालाच गंभीर आजार होतो, पण तशा आजारात दहातले तिघे दगावू शकतात. वाचलेल्यांपैकी अनेकांना झटके, लुळेपणा, बोलण्याची अडचण कायमची राहते. विषाणू मारणारं औषध नाही. या विषाणूची लस आहे. कर्नाटकातल्या कोलारच्या साथीत सापडलेल्या विषाणूपासून भारतातही ती तयार झाली. त्याच्याच कुळातल्या वेस्ट नाईल विषाणूवर माणसांसाठी लस नाही.

बाहेरच्या जगात हे दोन्ही विषाणू डासामार्फत येतात. प्रयोगशाळेत मात्र डासाहून मोठी धास्ती सुईची आणि हवेची. २००२ साली अमेरिकेत दोन प्रयोगशाळा कर्मचाऱ्यांना वेस्ट नाईलची लागण झाली. एकाला मेलेल्या पक्ष्याचं विच्छेदन करताना पातं लागलं होतं, दुसऱ्याला उंदराच्या मेंदूवर काम करताना सुई. १९५९ साली मॉस्कोतल्या एका संस्थेत व्हेनेझुएलातल्या घोड्यांच्या मेंदूज्वराच्या विषाणूच्या सुकवलेल्या कुप्या जिन्यात फुटल्या आणि वीसहून अधिक माणसं आजारी पडली. तिथे एकही डास नव्हता. पूड हवेत मिसळली, माणसांनी श्वास घेतला, बस्स.

म्हणून आमच्या हाताला काही सवयी जडतात. सुईवर टोपण परत चढवायचं नाही. सेंट्रिफ्यूज थांबलं तरी झाकण लगेच उघडायचं नाही, आतला तुषार खाली बसू द्यायचा. सुरक्षा कपाटात हात सावकाश हलवायचे, कारण झटक्यानं हात ओढला की समोरचा हवेचा पडदा फाटतो. नवीन मुलं धीटपणा दाखवायला भराभर काम करतात. काका त्यांना म्हणत, "तुझा हात दिसला पाहिजे, वेग नको."

तरी एकदा माझ्याकडून चुकलंच. पिल्लू उंदराला टोचताना ते वळवळलं आणि सुई दोन हातमोजे भेदून अंगठ्यात गेली. रक्ताचा थेंब मोहरीएवढा. खोलीत मी एकटी होते. खरं सांगते, पहिला विचार विषाणूचा नव्हता. 'आता सगळे काय म्हणतील' हा होता. लस घेतलेली आहे, धुऊन टाकू, कुणाला कळणार? नळाखाली अंगठा धरून उभी होते, तेवढ्यात ती बशी आठवली. पंचेचाळीस आणि शेहेचाळीस. हाही एक आकडा होता आणि तो मी वहीतून गाळायला निघाले होते.

मी जाऊन सांगितलं. आमच्या प्रमुख मॅडम रागावल्या नाहीत. पुढे लागलं तर तुलना करता यावी म्हणून त्याच दिवशीचं रक्त काढून जपून ठेवलं, आणि मला तापाचा तक्ता दिला. विषाणू शिरल्यापासून लक्षणं दिसायला साधारण चार ते चौदा दिवस लागतात. मी तीन आठवडे सकाळ-संध्याकाळ ताप मोजला. काही झालं नाही. पण झालं असतं, तर डॉक्टरांना पहिल्याच दिवशी कळलं असतं की कशामुळे.

प्रयोगशाळेबाहेर, भाताच्या खाचरांत हाच क्युलेक्स वाढतो. विषाणू बगळ्यांत आणि डुकरांत वाढतो, आणि संध्याकाळी अंगणात खेळणाऱ्या पोरापर्यंत पोचतो. तिथे पांढऱ्या भिंती नाहीत, वही नाही. त्या पोराला हिशेबानं द्यायच्या दोनच गोष्टी आपल्या हाती आहेत: लस आणि मच्छरदाणी. आमच्या खोलीत मात्र सगळंच मोजता येतं.

या कामात नव्यानं येणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे. सुई टोचली, कुपी फुटली, आकडा जुळला नाही, तर त्याच मिनिटाला सांगा. लाज नंतर वाटू द्या.