विसरभोळा सर्व्हर आणि अपुरा राहिलेला अर्ज

दर सत्रात परीक्षेसाठी ती विद्यार्थिनी जगदलपूरहून रायपूरला जाणाऱ्या रात्रीच्या बसमध्ये बसते. सुमारे ३०० किलोमीटरचा प्रवास. पहाटे उतरायचे, पेपर द्यायचा आणि रात्रीच्या बसने पुन्हा बस्तर गाठायचे. एरवी तिचे महाविद्यालय घरातल्या टेबलावरच भरते. आयआयटी मद्रासने २०२० साली ऑनलाइन पदवी अभ्यासक्रम सुरू केला. त्याला जेईईची अट नाही; ४ आठवडे अभ्यास करून पात्रता परीक्षा उत्तीर्ण झाले की प्रवेश मिळतो. व्याख्याने घरबसल्या ऐकता येतात, परीक्षा मात्र केंद्रावर जाऊनच द्यावी लागते.

पदविकेच्या टप्प्यावर वेब ॲप्लिकेशन घडवण्याचा विषय दोन भागांत येतो. पहिल्या भागात पायथनमधील फ्लास्क आणि एसक्यूलाइट, दुसऱ्यात व्ह्यू, रेडिस आणि सेलरी. विद्यार्थ्याला संपूर्ण ॲप्लिकेशन स्वतः उभे करावे लागते आणि तोंडी परीक्षेत त्यातील प्रत्येक ओळीचा जाब द्यावा लागतो. या विषयाकडे ती एक जुना प्रश्न घेऊन आली होती.

ती बारावीत असताना शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्यासाठी वडिलांसोबत गावातल्या चॉइस सेंटरवर गेली होती. मुदतीचा शेवटचा दिवस होता. चौथ्या पानावर उत्पन्नाच्या दाखल्याचा क्रमांक शोधण्यात थोडा वेळ गेला, तेवढ्यात नेटवर्कही गेले. ते परत आले तेव्हा पडद्यावर एकच वाक्य होते : सत्र समाप्त झाले आहे, पुन्हा लॉगिन करा. लॉगिन केले तर पहिले पान कोरे. रात्री उशिरापर्यंत खटाटोप करूनही अर्ज पूर्ण झाला नाही आणि त्या वर्षीची शिष्यवृत्ती हुकली. परतताना वडील एवढेच म्हणाले, ‘‘माझ्याच हातून काहीतरी चुकलं असेल.’’

या घटनेचे मूळ तिला अभ्यासक्रमात सापडले. संकेतस्थळे ज्या एचटीटीपी या संकेतप्रणालीवर चालतात, ती मुळातच विसरभोळी आहे. ब्राउझरने पाठवलेली प्रत्येक विनंती स्वतंत्र. मागच्या क्षणी कोण आले होते, हे सर्व्हरला पुढच्या क्षणी ठाऊक नसते. हा दोष नव्हे. विसरता येते म्हणूनच तो असंख्य लोकांना उत्तरे देऊ शकतो आणि एका सर्व्हरचे काम दुसरा सहज उचलू शकतो. ओळख टिकवण्यासाठी नेटस्केपमधील लू मोंटुली यांनी १९९४ साली कुकीची योजना केली : सर्व्हर ब्राउझरजवळ एक खुणेची चिठ्ठी देतो आणि पुढच्या प्रत्येक विनंतीसोबत ती परत येते. सत्र उभे राहते ते या चिठ्ठीच्या आधारावर.

मग तिला वाटले, सत्र संपूच नये. पण विचारान्ती हे मत तिलाच बदलावे लागले. चॉइस सेंटरवरचा संगणक दिवसभर अनेकांच्या हाताखालून जातो. एखादा माणूस लॉगआउट न करता उठला, तर त्याच खुर्चीत बसणाऱ्या पुढच्या माणसासमोर त्याचे बँक खाते उघडे पडेल. सत्र संपणे म्हणजे संरक्षणच होते. चूक होती ती दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधण्यात. ओळख संपली म्हणून भरलेला मजकूर का पुसला जावा? प्रत्येक पान पुढे सरकताना मसुदा म्हणून डेटाबेसमध्ये नोंदवला असता, तर पुन्हा लॉगिन करताच चौथे पान समोर आले असते.

डब्ल्यूसीएजी या सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय मानकात २००८ सालापासून हेच लिहिलेले आहे : सत्र संपल्यावर पुन्हा ओळख पटवली की माहिती न गमावता काम पुढे चालू ठेवता यावे. मात्र हा निकष सर्वोच्च, म्हणजे ‘एएए’ स्तरावर ठेवला आहे. भारतातील शासकीय संकेतस्थळांची मार्गदर्शक तत्त्वे त्याखालच्या ‘एए’ स्तराची अपेक्षा करतात. नियम आहे, पण सक्तीच्या कुंपणाबाहेर.

प्रकल्पाचा विषय ठरवून दिलेला होता. त्यात मसुदा जपण्याची अट नव्हती. तिने तो भाग तरीही लिहिला. आठवडाभर ती अर्ज अर्धा भरून फोनचा डेटा बंद करी आणि पुन्हा सुरू करून पाही. पहिल्या प्रयत्नांत मसुदा टिके, पण जोडलेला दाखला हरवे. कधी एकाच अर्जाच्या दोन प्रती तयार होत. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी विचारले, ‘‘हे मागितले नव्हते, मग कशासाठी?’’ ती म्हणाली, ‘‘नेटवर्क जाते म्हणून.’’

निकालानंतर तिने लॅपटॉप वडिलांपुढे ठेवला आणि अर्ज भरायला सांगितले. तिसऱ्या पानावर त्यांची बोटे थांबताच तिने सत्र मुद्दाम संपवले. वडिलांनी चटकन हात मागे घेतला. तिने पुन्हा लॉगिन करून दिले. तिसरे पान जसेच्या तसे उभे होते, त्यांनी लिहिलेल्या नावासकट.

‘‘याच्या लक्षात कसं राहिलं?’’ त्यांनी विचारले.

‘‘ठेवायला सांगितलं म्हणून,’’ ती म्हणाली. ‘‘बाबूजी, त्या दिवशी तुमच्या हातून काहीच चुकलं नव्हतं.’’

वडील काही बोलले नाहीत. त्यांनी चष्मा पुसला आणि उरलेला अर्ज शेवटपर्यंत भरला.