महागडे गोल्फ शूज आणि अ‍ॅमडालचा नियम

माणूस गोल्फ खेळायला लागला की साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात त्याला एक प्रश्न हमखास पडतो. तोपर्यंत जुने स्नीकर्स घालून तो सुखाने खेळत असतो. मग एका दवभरल्या सकाळी उतारावरून पाय सटकतो, बॉल भलतीकडे जातो, आणि तो ऑफिसात येऊन विचारतो, "काय रे, ते दोनशे डॉलरचे शूज खरंच लागतात का?"

हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेलाय की एकदाचं लिहूनच टाकावं म्हटलं. पुढच्या वेळी लिंक पाठवून मोकळा :-)

इथे अमेरिकेत ६०-७० डॉलरपासून गोल्फचे बरे बूट मिळतात आणि २०० च्या पुढे कुठेही जातात. आता आपल्यासारख्या घरात वाढलेल्या माणसाला बुटांवर २०० डॉलर घालवणं म्हणजे जिवावरच येतं. पायीची वहाण पायीच बरी, असं ऐकत मोठे झालो आपण. शाळेचे बूट जूनमध्ये एक नंबर मोठे घ्यायचे आणि पुढे कापूस घालायचा, हीच आपली बुटांची गुंतवणूक. पण नुसतं "महाग आहे" हे काही कारण होत नाही. हिशेब करून बघू.

आधी मुळात हे बूट वेगळे का असतात? गोल्फचा जोराचा स्विंग मारताना क्लब खाली यायला जेमतेम पाव सेकंद लागतो. तेवढ्या वेळात अंगाचा सगळा भार मागच्या पायावरून पुढच्या पायावर जातो, शिवाय कंबर वळते. म्हणजे पाय जमिनीला नुसते खाली नाही, आडवे आणि पिळवटूनही रेटत असतात. जमिनीने धरून ठेवलं नाही तर ती ताकद क्लबपर्यंत पोचतच नाही. म्हणून पूर्वी तळाला चक्क लोखंडी खिळे असायचे. त्यांनी ग्रीन खराब व्हायची, म्हणून १९९० च्या दशकात प्लॅस्टिकचे मऊ स्पाइक आले आणि बहुतेक क्लबांनी लोखंडी खिळ्यांवर बंदी घातली. नंतर २०१० च्या मास्टर्समध्ये पन्नाशीचा फ्रेड कपल्स स्पाइक नसलेले, अगदी बाजारात घालून जावेत असे बूट घालून आला, तेही मोज्यांशिवाय, आणि पहिल्या दिवशी ६६ मारून सगळ्यांच्या पुढे राहिला. तेव्हापासून स्पाइकलेसची लाटच आली. आणि सॅम स्नीड तर ऑगस्टाला सरावात अनवाणी खेळला होता! तेव्हा बुटांशिवाय गोल्फ होतच नाही, हे काही खरं नाही.

आता आपल्या धंद्यातला एक नियम बघा. जीन अ‍ॅमडालने १९६७ साली मांडलेला. प्रोग्रॅमचा एखादा भाग एकूण वेळातला फक्त ५ टक्के वेळ खात असेल, तर तो भाग कितीही फास्ट करा, अगदी शून्य वेळात आणा, तरी एकूण फायदा ५ टक्क्यांच्या वर जाणार नाही. म्हणून आधी प्रोफायलर लावायचा, वेळ कुठे जातोय ते बघायचं, मग हात घालायचा.

तर मी एका उन्हाळ्यात प्रोफायलर लावला. स्कोअरकार्डाच्या मागे दर राऊंडला लिहून ठेवायचो की कुठला फटका कशामुळे गेला. माझा स्कोअर शंभरच्या आसपास. त्यातले पस्तीस-छत्तीस पट. तिथे बूट काय करणार? वीसेक छोटे फटके, ग्रीनच्या आजूबाजूचे. तिथेही काही नाही. उरले चाळीस-पंचेचाळीस जोराचे फटके. त्यातले पाय सरकल्यामुळे बिघडलेले किती? साधे ७० डॉलरचे स्पाइकवाले बूट घालून, अख्ख्या राऊंडमध्ये फार तर एक. बऱ्याचदा शून्य. म्हणजे जगातले सर्वात भारी बूट आणले तरी माझा स्कोअर ९९ होणार. बाकीचे ९९ फटके माझे स्वतःचे, त्यात बुटांचा काही दोष नाही!

इथे विषय संपायला हवा होता. स्कोअरसाठी महाग बूट घेऊ नका, तेच पैसे दोन-तीन लेसनला द्या. इति.

पण त्याच वहीत अजून एक गोष्ट दिसली. मी चालत खेळतो, कार्ट घेत नाही. अठरा होल म्हणजे बॉल शोधणं, इकडेतिकडे फिरणं धरून आठ-नऊ किलोमीटर सहज होतात, आणि चार-साडेचार तास पायावर. माझे चौदाव्या होलनंतरचे आकडे सरळ सरळ वाईट होते. टाच ठणकायला लागली की माणूस फटका उरकून टाकतो. म्हणजे मोजमापच बदललं. बूट फटक्यांसाठी नसतातच, ते त्या नऊ किलोमीटरसाठी असतात. अ‍ॅमडाल चुकला नाही, फक्त एकूण वेळ कशाचा मोजायचा ते ठरवायला हवं.

टायगर वूड्सचंच बघा. फेब्रुवारी २०२१ मधल्या अपघातात त्याच्या उजव्या पायाचा चुराडा झाला. एप्रिल २०२२ मध्ये तो मास्टर्सला परत आला तेव्हा पायात फूटजॉयचे बूट. त्या वेळी त्याचा करार नायकीशी होता! ज्याला दुसऱ्या कंपनीचे बूट घालायचे पैसे मिळतात तो माणूस पाय स्थिर राहावा म्हणून हे घालतो, यातच सगळं आलं. त्याने काही किंमत बघून निवडले नव्हते, पाय बघून निवडले.

मग महाग बुटात जास्तीचं काय मिळतं? माझ्या मते तीन गोष्टी. एक, रुंदीचे पर्याय. आपल्यापैकी पुष्कळांचे पंजे रुंद असतात, आणि स्वस्त बूट एकाच रुंदीत येतात. मग लोक एक नंबर मोठा घेतात (जून महिना आठवा) आणि टाच आत सरकत राहते. दोन, पाणी आत न येण्याची खात्री. सकाळी दवात मोजे भिजले की पुढचे तीन तास फोड. तीन, तळाचा फोम लवकर बसत नाही.

आता पैसे. ९० डॉलरचे बूट ४० राऊंड चालले तर राऊंडला सव्वादोन डॉलर. १८० डॉलरचे त्याच भावात यायला ८० राऊंड चालायला हवेत. महिन्यातून तीनदा खेळणारा हे अडीच वर्षांत करेल. वर्षातून दहादा खेळणाऱ्याला आठ वर्षं लागतील, आणि आठ वर्षं कुठलाच बूट थांबत नाही. वॉटरप्रूफची गॅरंटी एक-दोन वर्षांची असते. पॉलियुरेथेनचा तळ तर दमट हवेत कपाटात नुसता ठेवला तरी भुगा होतो. मुंबई-कोकणातल्या लोकांना सांगायला नको. तेव्हा "चांगले आहेत, जपून वापरतो" हा आपला लाडका हिशेब इथे उलटा पडतो.

हे सगळं ठरवून झाल्यावर मध्ये पुण्याला गेलो तेव्हा एका मित्राबरोबर खेळायचा योग आला. तिथे कॅडी असतो. पन्नाशीचे मामा, माझी बॅग खांद्यावर, पायात विटलेले कॅनव्हासचे बूट, एकाचा अंगठा बाहेर डोकावतोय. ते रोज एक राऊंड करतात, गर्दीच्या दिवशी दोन. म्हणजे अठरा किलोमीटर, ओझ्यासकट. माझा तो फोमचा आणि किलोमीटरचा सगळा हिशेब ज्या माणसाला सर्वात जास्त लागू पडतो, तो माझ्या शेजारून चालत होता.

बाराव्या होलला मी विचारलंच, "मामा, स्पाइकचे बूट नाही घालत?"

"आहेत की साहेब. एका मेंबरनी दिलेले. घरी आहेत."

"मग?"

"चालायला हे चालतात. ते सोमवारचे."

सोमवारी तिथे कोर्स बंद असतो आणि कॅडी खेळतात. मामा माझ्यापेक्षा वीसेक फटके कमी घेतात असं नंतर मित्राकडून कळलं. बूट एक नंबर मोठे आहेत म्हणून आत जाड मोजे. आणि स्पाइक? कोर्सवर लोकांचे सैल होऊन पडलेले स्पाइक ते उचलून ठेवतात, आपला झिजला की त्यातला बसेल तो लावतात. इथे माझ्या ओळखीतले निम्मे लोक स्पाइक झिजले की अख्खा बूट फेकतात. स्पाइक फिरवून काढता येतात आणि नवा सेट पंधराएक डॉलरला मिळतो, हे त्यांच्या गावीही नसतं.

"जपून वापरतो" हा हिशेब मामांच्या बाबतीत मात्र मला उलटा म्हणवेना. आठवड्यातून एक दिवस तरी ते दुसऱ्याची बॅग न उचलता स्वतःचा बॉल मारतात. त्या दिवसाचे बूट वेगळे असावेत, यात राऊंडला किती डॉलर पडले हा प्रश्न येत नाही. फक्त उरलेल्या सहा दिवसांच्या बुटांचा प्रश्न उरतो, आणि तो मामांनी नाही, क्लबाने सोडवायचा आहे. बॅगेतल्या एका ड्रायव्हरच्या किमतीत कितीतरी कॅडींना चांगले चालायचे बूट येतील. मित्र तिथला मेंबर आहे. त्याला मी हा आकडा करून मेल केलाय, तो कमिटीपुढे ठेवतो म्हणालाय. बघू.

तर मंडळी, उत्तर: कार्टने खेळत असाल किंवा वर्षातून दहाच वेळा जात असाल, तर स्वस्तातले घ्या आणि खुशाल वापरा. चालत आणि वरचेवर खेळत असाल, पाय रुंद असेल किंवा टाच दुखत असेल, तर महाग परवडतात. दुकानात संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात, आणि खेळायचे मोजे घालूनच बघा. स्पाइक बदलत राहा.

आणि स्कोअरसाठी घेत असाल तर... लेसन लावा.