सह्याद्रीपलीकडील पाणी

आमचें वास्तव्य चिंचवडास. घाटमाथ्याच्या अलीकडे राहणाऱ्या आम्हां मंडळींस समुद्र म्हणजे सुटींत अलिबागेस जाऊन पाहावयाची वस्तु. चाकणच्या कारखान्यांतील निर्यातीचा माल न्हावाशेव्यास रवाना होतो, एवढाच काय तो आमचा दर्यावर्दी व्यवहार! परंतु पवना धरणांत सांठणारें पाणी मूळचें समुद्राचेंच. तें किती व केव्हां यावें हें ठरविण्यांत वाऱ्याबरोबर समुद्रप्रवाहांचेंही अंग आहे.

अरबी समुद्र तीन बाजूंनीं जमिनीनें कोंडलेला. दार एकच, दक्षिणेचें. त्या दारानें आंत येणारें पाणी ऋतुमानाप्रमाणें वाट पालटतें. पावसाळ्यांत सोमालियाच्या किनाऱ्यालगत उत्तरेस धांवणारा प्रवाह जगांतील अतिवेगवान प्रवाहांत मोडतो. हिवाळ्यांत तोच उलटा फिरून दक्षिणेस वाहूं लागतो. त्याच सुमारास बंगालच्या उपसागराचें कमी खारट पाणी श्रीलंकेस वळसा घालून आपल्या पश्चिम किनाऱ्यानें उत्तरेकडे चढतें. गल्फ स्ट्रीमची थोरवी आम्हीं विद्यार्थिदशेंत इंग्रजी पुस्तकांतून घोकली; वर्षांतून दोनदां तोंड फिरविणाऱ्या या घरच्या प्रवाहाची ओळख मात्र बऱ्याच उशिरां झाली.

१९६२ सालीं महाराष्ट्रांत औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें, आणि त्याच वर्षीं पुण्यांत उष्णकटिबंधीय हवामानाच्या अभ्यासाची संस्था निघाली. पहिल्यानें आमचें गांव ओळखूं येईनासें केलें. दुसरीचें नांव येथें फारसें कोणास ठाऊक नाहीं, हें आम्हांस शोचनीय वाटतें. कारण हिंदी महासागराच्या पश्चिम भागाचें उन्हाळ्यांतील तपमान १९०१ ते २०१२ या काळांत सुमारें १.२ अंशांनीं वाढलें, हें तिच्याच संशोधकांनीं दाखवून दिलें.

ही ऊब सर्वकाळ एके ठिकाणीं बसून राहत नाहीं. एरवीं विषुववृत्तावरून कोमट पाणी पूर्वेस, सुमात्र्याकडे, लोटलें जातें. कांहीं वर्षीं वारे फिरतात, तो ओघ मंदावतो, आणि उष्ण पाणी आफ्रिकेच्या बाजूस तुंबतें. २०१९ सालीं हा प्रकार फार जोराचा झाला. त्या वर्षीं देशांतील मोसमी पाऊस सरासरीहून अधिक पडला, पवना धरण भरलें. आणि वर्षअखेरीस आमच्या शहरांत एक दिवसाआड पाणी सुरू झालें तें झालेंच! याचा दोष समुद्राच्या माथीं मारतां येत नाहीं. माणसें आणि कारखाने वाढले, नदी होती तेवढीच राहिली.

पुढल्याच वर्षीं, ३ जून २०२० रोजीं, निसर्ग नांवाचें चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढून घाट ओलांडून आलें. मावळांतील फुलशेतीचीं हरितगृहें फाटलीं. सह्याद्रि ही भिंत आहे अशी आमची लहानपणापासूनची श्रद्धा. त्या दुपारीं तिच्या खिडक्या खडखडल्या.

समुद्राची पातळी उपग्रहांवरून सलग मोजली जाऊं लागली ती १९९२ पासून. पातळीच्या चढउतारावरूनच प्रवाहांचा वेध घेतला जातो. जो फेर पुरा होण्यास कित्येक दशकें लागतात, तो नुसता झोंका कीं कायमचा कल, हें एवढ्या अवधींत निवडणें दुर्घट. इकडे मात्र आंद्रा आणि भामा आसखेड या धरणांचें पाणी शहरास आणण्याच्या योजना आंखल्या गेल्या. धरणें असोत वा नळ, पन्नास वर्षांच्या हिशेबानें बांधले जातात, आणि हिशेब होतो मागील पावसाच्या सरासरीवर. ती सरासरी ज्या समुद्रानें दिली, तो आज त्याच ऊबेचा राहिलेला नाहीं. या योजनांच्या बैठकींत अभियंत्याशेजारीं पाषाणच्या त्या संस्थेंतील कोणास तरी खुर्ची मांडावी, एवढेंच आमचें मागणें आहे.