एकांतात विचारावयाचा प्रश्न

वाचकहो, आयुष्याची एकतीस वर्षे मी नांदेड जिल्ह्यातील गावोगावी घरभेटी देण्यात आणि माणसांना प्रश्न विचारण्यात घालविली. आरोग्य सहायिका म्हणून निवृत्त झाले तेव्हा माझी पक्की समजूत होती की, समोरच्याचा चेहरा पाहिला की उत्तर खरे की खोटे हे मला कळते. ही समजूत माझ्याच घरातील एका उत्तराने मोडली. ते उत्तर माझ्या भाच्याचे होते. त्याच्या संमतीने, नावगाव टाळून, ती हकिकत आज आपल्यापुढे ठेवीत आहे. आपल्यापैकी अनेकजण कुणाची तरी मावशी, आत्या, आजोबा आहेत, आणि असा प्रश्न विचारण्याची वेळ आपल्यावरही येऊ शकते.

भाचा लातूरला एका शिकवणी वर्गात रसायनशास्त्र शिकवितो. माझी धाकटी बहीण गेल्यापासून त्याला मीच आईच्या जागी. तो ज्या मित्रासोबत राहतो, तो त्याचा जोडीदार आहे, हे त्याने मला २०१८ च्या दिवाळीत सांगितले. त्याच वर्षी ६ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले होते. निकालाची बातमी मी वाचली होती. ती आपल्या घराचीही बातमी आहे, हे ठाऊक नव्हते. पचवायला मला वर्ष लागले. पुढे मात्र मी त्यांच्याकडे जाऊ-येऊ लागले. त्या घरात तिसरे माणूसही आहे, त्या मित्राचे वडील. पक्षाघाताने त्यांची उजवी बाजू लुळी पडली आहे. दोघे मिळून त्यांना कुशीवर वळवितात, अंग पुसतात, भरवितात. इतकी वर्षे अंथरुणावर असूनही त्यांच्या पाठीला जखम झालेली नाही, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे.

एकदा लोहा-अहमदपूर मार्गे एसटीने लातूरला पोहोचले, तर भाच्याच्या मनगटाला प्लास्टर होते आणि दंडावर हिरवट पडलेला वळ. "काही नाही मावशी, गाडी घसरली," तो म्हणाला. दवाखान्याच्या कागदावरही पडून दुखापत झाल्याची नोंद होती. तरी मला राहवेना. रात्री जेवताना, दोघे ताटावर असतानाच, मी विचारले, "तुमच्यात काही भांडणतंटा तर नाही ना रे?" दोघेही हसले. "नाही मावशी, तसं काही नाही." पलीकडे खाटेवर म्हाताऱ्याने तोंड भिंतीकडे वळविले. ते मी पाहिले आणि त्याचा अर्थ लावला नाही.

वाचकहो, त्या एका वाक्यात मी माझ्या व्यवसायाचे जवळजवळ सारे नियम मोडले होते. ज्याच्याविषयी विचारायचे त्याच्या देखतच विचारले. 'भांडणतंटा' हा मोघम शब्द वापरला. 'नाही ना' म्हणून उत्तरही त्याच्या तोंडी घातले.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत घरगुती हिंसेचे प्रश्न कसे विचारतात, ते पाहण्यासारखे आहे. एका घरातून एकाच स्त्रीची निवड होते. पूर्ण एकांत मिळाला तरच प्रश्न विचारले जातात आणि मध्येच कुणी आले तर विषय बदलतात किंवा थांबतात. 'तुमच्यावर हिंसा होते का?' असे न विचारता 'ढकलले का, चापट मारली का, हात पिरगाळला का' अशी एकेक कृती विचारली जाते. ही पद्धत अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ मरे स्ट्रॉस यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या मोजपट्टीवरून पुढे आली. त्यामागचे कारण साधे आहे. 'हिंसा' हा शब्द ऐकताच माणसाला वर्तमानपत्रातील भयंकर बातमी आठवते आणि आपल्या घरातले तसले नव्हे, असे वाटून तो 'नाही' म्हणतो. एवढी काळजी घेऊनही २०१९-२१ च्या पाहणीत हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी केवळ १४ टक्के स्त्रियांनी कुणाकडे तरी मदत मागितल्याचे दिसले. जोडीदाराकडून मार बसतो का, हे त्या पाहणीत पुरुषांना विचारले जातच नाही. दोन पुरुषांच्या घराची तर त्यात जागाच नाही.

काही महिन्यांनी नांदेडला माझे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आणि भाचा आठ दिवस माझ्याजवळ राहिला. डोळ्यांत दोन प्रकारचे थेंब घालावयाचे. एक घातल्यावर डोळा मिटून पडायचे, पाच मिनिटांनी दुसरा. त्या पाच मिनिटांत मी डोळे मिटून पडलेली, तो उशाशी. घरात तिसरे कुणी नव्हते. मी म्हणाले, "नसेल सांगायचं तर सांगू नकोस. त्याने तुला मारलं का?"

"मारत नाही मावशी. फक्त ढकलतो कधीकधी."

त्या 'फक्त'पाशी मी थांबले आणि एकेक विचारीत गेले. कधी वस्तू फेकली? कधी गळा धरला? मनगट कसे मोडले? फोन काढून घेतो का? पैसे मागावे लागतात का? कुणाला काही सांगण्याची धमकी देतो का? काहींना 'नाही' आले, काहींना बराच वेळ काहीच आले नाही, आणि चार प्रश्नांना 'हो' आले. मनगट गाडीवरून पडून मोडले नव्हते. पण त्याचा आवाज फुटला तो मनगटाच्या गोष्टीवर नव्हे. "म्हणतो, वर्गात सगळ्यांना सांगेन तू कसा आहेस ते. मग मी कुठं जायचं?" आणि लगेच पुढे, "मीही एकदा त्याला ढकललंय मावशी. मग मी कशाची तक्रार करायची?"

त्याच्या पहिल्या 'नाही'मागे किती गोष्टी दडल्या होत्या, ते तेव्हा मला उमगले. पुरुषाने मार खाल्ला असे म्हणण्याची लाज होती. दोघे सारख्याच ताकदीचे, म्हणजे ते भांडण, अशी समजूत होती. खरे सांगितले तर नातेवाईक 'असल्या नात्याचे असेच होणार' म्हणतील, ही धास्ती होती. अनेक वर्षांची कायद्याची भीतीही होती. २०१८ पूर्वी पोलिसांना मारहाण सांगणे म्हणजे कलम ३७७ खाली स्वतःचाच गुन्हा सांगण्यासारखे होते. २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा फक्त स्त्रीला संरक्षण देतो. मात्र मारहाण आणि धमकी हे भारतीय न्याय संहितेच्या कलम ११५ व ३५१ खाली गुन्हे आहेत आणि त्यांत तक्रारदार स्त्री की पुरुष हा भेद नाही. हे पुष्कळांना ठाऊक नसते.

भाचा काही आठवड्यांनी वेगळ्या खोलीत राहावयास गेला. त्यानंतरच, त्याला विचारून, मी त्या मित्राशी एकटीने बोलले. आधी बोलले असते तर त्याचा राग भाच्यावरच निघाला असता. भाच्याने वर्षभरातले पाच प्रसंग सांगितले होते; मित्राला दोन आठवत होते. मनगटाचा प्रसंग दोघांच्याही सांगण्यात होता. एकाच्या शब्दांत 'पिरगाळले', दुसऱ्याच्या शब्दांत 'धरले, तोच ओढायला लागला'. धमकीविषयी मित्र आपणहून बोलला नाही. विचारल्यावर म्हणाला, "रागात बोललो असेन."

कोण खोटे बोलत होते? पूर्वीच्या मला हाच प्रश्न पडला असता. पण जोडप्यातील दोघांनाही वेगवेगळे विचारले की उत्तरे पुष्कळदा जुळत नाहीत, हे संशोधकांना स्त्री-पुरुष जोडप्यांतही वारंवार आढळले आहे. आपण केलेले कमी आठवते, सोसलेले अधिक. आकडाही प्रश्नाप्रमाणे बदलतो. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या २०१० च्या पाहणीत बलात्कार, मारहाण किंवा पाठलाग एवढेच मोजले, तेव्हा आयुष्यात कधीतरी जोडीदाराकडून ते सोसलेल्या समलिंगी पुरुषांचे प्रमाण सुमारे २६ टक्के आले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अटलांटा, बॉस्टन आणि शिकागो येथील १६० पुरुष जोडप्यांमधील दोघांनाही विचारले गेले आणि त्यात मानसिक छळ, पाळत ठेवणे हेही धरले. तेव्हा केवळ मागील एका वर्षातला असा अनुभव जवळजवळ निम्म्या पुरुषांनी सांगितला. ज्यांच्या मनात स्वतःच्या समलिंगी असण्याची लाज खोल होती, त्यांच्यात हिंसा सोसल्याचे किंवा केल्याचे सांगण्याची शक्यता अधिक होती. अमेरिकेचे आकडे लातूरला लागू करू नयेत. परंतु ज्या प्रश्नात धमकी, पैसा आणि पाळत यांना जागा नाही, त्याला माझ्या भाच्यानेही 'नाही'च म्हटले असते, एवढे मी सांगू शकते.

कृतींची यादीही पुरी पडत नाही. यादीप्रमाणे दोघांनीही ढकलले होते, म्हणजे हिशेब फिटला असे दिसले असते. म्हणून मी दोघांनाही आणखी एक प्रश्न विचारला, "तुला त्याची भीती वाटते का?" मित्र चक्रावला, "त्याची? नाही," म्हणाला. भाचा म्हणाला होता, "कुलूप उघडण्याचा आवाज आला की पोटात गोळा येतो." दोघांच्या उत्तरांतील हा फरक कोणत्याही मोजणीपेक्षा मला अधिक सांगून गेला.

आणि ते म्हातारे गृहस्थ? मी त्यांच्या खाटेशी बसून विचारले, तेव्हा डोळ्यांतून पाणी आले. अडखळत म्हणाले, "रात्री आवाज येतात. मला कोण विचारायलंय?" थोड्या वेळाने म्हणाले, "ह्यांचं मोडलं तर मला कुशीवर कोण वळवील?" साऱ्या घरातील सर्वांत जवळचा साक्षीदार आपली सेवा बंद पडेल या भयाने गप्प होता. वाचकहो, आपल्या वयाच्या माणसाला हे सांगावे लागत नाही. मुलगा-सून शेजारी उभे असताना डॉक्टर विचारतात, "आजी, घरी नीट करतात ना?" आणि आपणही 'हो' म्हणतो. ते 'हो' आणि माझ्या भाच्याचे 'नाही' एकाच मुशीतले आहे.

म्हणून चुकून शिकलेले चार शब्द सांगते. विचारायचे तर एकट्याला विचारावे, दोघांत बसून कधीही नाही. मोघम शब्द टाळून एकेक कृती विचारावी, धमकीविषयी विचारावे आणि भीतीविषयी अवश्य विचारावे. पहिले 'नाही' शेवटचे समजू नये. पण उलटतपासणीही करू नये, दार उघडे ठेवावे. सांगितलेले त्याच्या परवानगीवाचून तिसऱ्याला सांगू नये, आणि नात्याला दोष देण्यासाठी तर कधीच वापरू नये. तसे केले तर पुढच्या वेळी तो आपल्याला काही सांगणार नाही. गळा धरला असेल किंवा जीवाची धमकी असेल तर वाट न पाहता ११२ वर कळवावे. मनाच्या आधारासाठी टेलिमानसचा १४४१६ आणि ज्येष्ठांसाठी १४५६७ हे क्रमांक आहेत. मुंबईची हमसफर ट्रस्ट ही संस्था १९९४ पासून समलिंगी व्यक्तींसाठी काम करीत आहे. समुपदेशक जर 'आधी हे समलिंगी असणे बरे करू' म्हणाला तर तेथून उठावे. तसे 'उपचार' करणे हे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरविले आहे.

भाचा अद्याप वेगळ्या खोलीतच राहतो. दोघे वेगवेगळ्या समुपदेशकांकडे जातात. पुढे काय होईल ते मला माहीत नाही आणि मी विचारीतही नाही. सकाळी वर्गाला जाण्यापूर्वी तो त्या घरी जातो, म्हाताऱ्याला कुशीवर वळवितो, चहा पाजतो आणि मित्र उठण्यापूर्वी निघतो. दर रविवारी रात्री तो मला फोन करतो. मी आधी विचारते, "जवळ कुणी आहे का रे?" नसेल तरच पुढचे बोलते.