मालक क्रमांक दोन

(तृतीय वर्ष कला)

नवी गाडी दारात आली की तिला हार घालतात, नारळ फोडतात, चाकाखाली लिंबू ठेवतात. जुनी गाडी आली की पहिला प्रश्न येतो, "केवढ्याला पडली?" आणि दुसरा, "किती चाललेली आहे?" विचारणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसते. पण वस्तू जुनी म्हणजे तिचा आनंदही थोडा झिजलेलाच असणार, असे आपण धरून चालतो. आमच्या घरी २०२१ पासून एक जुनी गाडी आहे. तिने माझी ही समजूत हळूहळू बदलली, म्हणून हा लेखनप्रपंच.

आपण कला शाखेचे विद्यार्थी. आपल्यातल्या किती जणांनी सगळी पुस्तके कोरी विकत घेतली असतील? वरच्या वर्गातल्या ताईकडून किंवा पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून निम्म्या किमतीत पुस्तक आणायचे, पहिल्या पानावरचे नाव खोडून आपले घालायचे, आणि समासात कुणीतरी पेन्सिलीने लिहिलेले 'हा प्रश्न हमखास' वाचून त्या अनामिकाचे आभार मानायचे, ही आपली परंपरा. गाडीवरचे नाव असे खोडता येत नाही. तिच्या नोंदणीच्या कागदावर मालकाचा अनुक्रमांक असतो. आमच्या आप्पांच्या नावाशी तिथे '२' आहे.

आप्पा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांची मजल सायकलपासून मोटारसायकलपर्यंत गेली. २०२१ साली ते निवृत्त झाले. हाती आलेल्या पैशांतून घराची दुरुस्ती झाली, ताईच्या लग्नाचे देणे फिटले, आणि साडेतीन लाख रुपये उरले. आईचे गुडघे दुखतात, एस.टी.ची पायरी तिला चढवत नाही. तेव्हा गाडी घ्यायचे ठरले. मामा म्हणाला, "दाजी, छोटी का होईना, नवी घ्या. पेढे तरी वाटता येतील." आप्पांनी मात्र मुलांच्या वह्या तपासाव्यात तशा चार-सहा गाड्या तपासल्या आणि पुण्याहून एक फोक्सवॅगन पोलो आणली, २०१४ च्या नोव्हेंबरातली, ५६ हजार किलोमीटर चाललेली. नाव जर्मन, पण जन्म आपल्या चाकणचा. २००९ च्या अखेरीस तिथे ही गाडी तयार होऊ लागली आणि २०२२ मध्ये भारतातले तिचे उत्पादन थांबले.

सालाबद्दल आप्पांचा आग्रह होता आणि त्यामागे कारण होते. २०१४ च्या जानेवारीत 'ग्लोबल एनकॅप' या संस्थेने भारतातल्या काही छोट्या गाड्या समोरून आदळवून पाहिल्या, त्यांत पोलोही होती. एअरबॅग नसलेल्या पोलोला मोठ्या माणसांच्या सुरक्षिततेसाठी शून्य तारे मिळाले आणि दोन एअरबॅग असलेल्या पोलोला चार. गाडी तीच, सांगाडा तोच. आत बसलेल्याला झेलायला काही आहे की नाही, एवढाच फरक. त्यानंतर कंपनीने पोलोच्या सर्वच प्रकारांत दोन एअरबॅग द्यायला सुरुवात केली. "म्हणून पुढच्या वर्षाची चालेल, आधीची नको," हे आप्पांनी आम्हाला फळ्यावर लिहावे तसे समजावून सांगितले होते.

अशा गाड्यांना 'प्रीमियम हॅचबॅक' म्हणतात. आकाराने लहान, मागे डिकी वेगळी न काढलेली, पण साजशृंगार मोठ्या गाडीचा. लहानपणाची आपल्याकडे सरकारी व्याख्याच आहे. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि पेट्रोल असल्यास १,२०० सीसीपर्यंत इंजिनाच्या गाडीवरचे उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले गेले. आमची पोलो ३,९७१ मिलिमीटर लांब आणि इंजिन १,१९८ सीसीचे. म्हणजे दोन्ही बाबतींत काठावर पास!

गाडी वाईत आली तेव्हा आमच्या आळीत एक गंमत झाली. नंबर एमएच १२, पुण्याचा. राज्य तेच असल्यामुळे मालक बदलला तरी नंबर बदलत नाही. पहिले दोन महिने शेजारच्या काकू रोज विचारत, "पुण्याचे पाहुणे अजून गेले नाहीत वाटतं?" आप्पा गाडी शिकले होते ड्रायव्हिंग स्कूलच्या मारुतीवर. तिथे वळण्याचा इशारा द्यायची दांडी उजव्या हाताला. पोलोत ती डाव्या हाताला. त्यामुळे गणपती आळीच्या कोपऱ्यावर आप्पा वळू लागले की भर उन्हात काचेवर वायपर नाचत. मागचा गिअर टाकायचा तर दांडी आधी खाली दाबावी लागते. पंक्चर काढताना तर आमच्या गॅरेजवाल्यानेही कपाळावर हात मारला. एरवी चाक खिळ्यांवर अडकवून नट आवळायचे. इथे चाकाला आधार देऊन, भोके जुळवून, बाहेरून बोल्ट घालावे लागतात. "गुरुजी, गाडी साहेबाची आहे, लाड करून घेणार," तो म्हणाला.

लाडांचा हिशेब आप्पांच्या वहीत आहे. दोनशे पानी वहीत त्यांनी तारीख, किलोमीटर, पेट्रोल आणि खर्च असे चार रकाने आखले. पहिल्याच वर्षी चार टायर, बॅटरी आणि क्लच प्लेट मिळून ४८ हजार रुपये लागले. झीज होती, दोष कुणाचा नव्हता. पण पहिल्या मालकाने तिला सात लाखांच्या आसपास मोजले होते आणि आपल्याला ती त्याच्या निम्म्याने मिळाली, हे टायरला किंवा क्लचला ठाऊक नसते. खरेदी जुन्या भावाने होते, देखभाल नव्याच भावाने करावी लागते. आई म्हणाली, "हत्ती स्वस्तात मिळाला, पण ऊस काही स्वस्त होत नाही." ज्यांना अशी गाडी घ्यायची असेल त्यांनी अर्थशास्त्राच्या पुस्तकाआधी आईचे हे वाक्य पाठ करावे. आप्पांनी पुढच्या वर्षापासून निवृत्तिवेतनातले दोन हजार रुपये दरमहा वेगळे ठेवायला सुरुवात केली आणि मग वहीतला चौथा रकाना घाबरवेनासा झाला.

पहिल्या मालकाची ओळख आम्हाला अशीच, समासातल्या खुणांवरून झाली. सर्व्हिसिंगची प्रत्येक पावती तारखेप्रमाणे लावलेली. काचेवर पुण्यातल्या एका सोसायटीचा पार्किंगचा बिल्ला. मागच्या आसनाच्या फटीत एक निळा मेणाचा खडू आणि बालवाडीचा बॅज. त्या घरातले पोर या गाडीत मोठे झाले होते. आईने खडू टाकू दिला नाही. तो अजून पुढच्या कप्प्यात आहे.

२०२३ च्या उन्हाळ्यात आप्पांना काचबिंदू असल्याचे निदान झाले. या आजारात डोळ्याची मज्जातंतू हळूहळू निकामी होते. बहुधा नजर आधी कडेने जाते, मधले स्पष्ट दिसत राहते. म्हणून माणसाला पुष्कळ दिवस कळतच नाही. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली औषधाने राखायची. दवाखान्यातून आल्यावर आप्पांनी किल्ली खुंटीला लावली आणि म्हणाले, "समोरचं दिसतंय, पण रस्त्यात येणारं पोर समोरून येत नाही, बाजूनं येतं." कुणी सांगण्याआधी त्यांनी स्वतःच ठरवले होते.

नातेवाइकांचे मत पडले, चालवणारा नाही तर गाडी दारात कशाला? एक गिऱ्हाईकही आले, दोन लाख सत्तर हजार म्हणाले. आप्पांनी त्याला चहा दिला आणि मला विचारले, "तू शिकणार असशील तर ठेवू." मला नुकतेच अठरावे लागले होते. मी शिकले, परवाना काढला, आणि तेव्हापासून आमच्या घरी मालक एक आणि चालक दुसरी, अशी व्यवस्था आहे.

पसरणीच्या घाटाने मला गाडी खरी शिकवली. तीन सिलिंडरचे, ७५ अश्वशक्तीचे इंजिन. सपाटीवर गोड बोलते, चढावर तिसऱ्या गिअरमध्ये ठेवले की कण्हते. शेजारी बसलेल्या आप्पांना वळण नीट दिसत नसले तरी इंजिनाचा आवाज ऐकू येतो. "दुसरा टाक," ते म्हणतात. उतरताना म्हणतात, "ज्या गिअरमध्ये चढलीस त्याच गिअरमध्ये उतर. ब्रेकवर सगळा भार टाकू नये." दार लावल्यावर होणारा तो जड, भरीव आवाज त्यांना फार आवडतो. कधीकधी ते उगीच एकदा उघडून पुन्हा लावतात. मी विचारत नाही.

यंदा माझी पदवी पूर्ण होईल. एम.ए.ला पुण्याला जायची इच्छा आहे. दर तीन महिन्यांनी आप्पांना तपासणीसाठी साताऱ्याला न्यावे लागते. "गाडी घेऊन जा, नाहीतर विकून फी भर," ते म्हणाले. दोन्ही मला पटेना. गाडी आमच्याकडे आली ती आईला एस.टी.ची पायरी चढवत नव्हती म्हणून, आणि ती पायरी काही खाली आलेली नाही. शिवाय २०२९ च्या नोव्हेंबरात गाडीला पंधरा वर्षे होतील. मग तपासणी करून नोंदणीचे नूतनीकरण, म्हणजे पुन्हा चौथा रकाना.

यावर तोडगा आईने काढला. दिवाळीनंतर ती गाडी शिकायला लागली. गुडघ्यांचे डॉक्टर म्हणाले, जपून चालवा. तिने शिकाऊ परवाना काढला आहे आणि रविवारी सकाळी ती मैदानावर पोलो फिरवते. क्लच दाबताना "आई गं" म्हणते, पण सोडत नाही. गेल्या रविवारी वहीतली नोंद पहिल्यांदा तिच्या अक्षरात झाली : किलोमीटर ७९,४१२, पेट्रोल १,००० रुपये, खर्च, काही नाही.